वंदनाताईंचं लॉगिन

सुरुवातीलाच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. "कंप्युटरमध्ये भूत नसतं, बग असतो," हे मी ग्राहकांना हसत हसत ऐकवायचो. आणि हे लिहितोय ते तुम्हाला घाबरवायला नाही... मला अजून लाज वाटते म्हणून.

मी पांढुर्ण्याचा. आजूबाजूच्या कापसाच्या जिनिंगवाल्यांना वजनकाट्याचं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून देतो. गेल्या हंगामात सौसरच्या एका जिनिंगमधून रोज फोन — दुपार झाली की सगळे कंप्युटर अडकतात, काट्याची पर्ची निघत नाही, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. याला आम्ही लॉक म्हणतो. मोरीत एकाने आतून कडी लावली की बाकीचे टॉवेल घेऊन बाहेर उभे, तसंच.

जाऊन तपासलं तर कडी माझ्याच रिपोर्टची! दुपारपर्यंतचा गोषवारा काढताना तो नोंदींचं अख्खं टेबल धरून बसायचा. नवशिकाही करणार नाही अशी चूक. ती मी गुपचूप दुरुस्त केली, आणि शेठजींनी कारण विचारल्यावर बिनदिक्कत सांगून टाकलं — "पर्चीवाल्या ताई एंट्री अर्धवट सोडून जेवायला जातात."

या वंदनाताई. रामाकोन्याहून बसने यायच्या, घर त्यांच्याच पगारावर. मला वाटलं, शेठजी दोन शब्द बोलतील आणि विषय संपेल.

शेठजी म्हणाले, "उद्यापासून येऊ नको म्हन्तो तिले. तू आत्ताच तिचं नाव काढ कंप्युटरातून."

आणि मी काढायला बसलो. हो, बसलो! त्यांचं लॉगिन डिलीट करायची कमांड दिली, ती हलेना. त्यांच्या नावाच्या नोंदीवर लॉक होतं. कुणाचं म्हणून पाहिलं, तर समोर माझ्याच लॅपटॉपचं नाव.

मी शेठजींच्या कंप्युटरवर बसलो होतो. माझा लॅपटॉप नागपूरला दुरुस्तीला पडला होता. दुकानात फोन लावला, तर दुरुस्तीवाला म्हणाला, "तुमची डिस्क काढून ठेवली ना भाऊ, माह्या समोरच पडून आहे."

लॅपटॉपच्या नावाचं ते कनेक्शन तोडलं, परत आलं. इंटरनेटची वायर काढून सर्व्हर रिस्टार्ट केला — तरी परत आलं! पुन्हा डिलीट दिलं, कमांड ताटकळत राहिली.

"काहून होऊन नाही राहिलं बे?" शेठजी चिडले.

तेवढ्यात दारात वंदनाताई. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. "सर, मी त सारं बंद करूनच जेवाले जाते जी. तरी माहं काही चुकलं असन त माफ करा."

त्या माझी माफी मागत होत्या. माझी! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शेठजी, ताईंची काही चूक नाही," मी म्हणालो. "चूक माझ्या प्रोग्रामची होती. मी खोटं बोललो."

त्याच क्षणी स्क्रीन हलली. लॉक सुटलं होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला... आणि लक्षात आलं, ताटकळलेली कमांड मी रद्दच केली नव्हती. कडी निघताच ती आत शिरली. वंदनाताईंचं नाव त्यांच्या डोळ्यांदेखत यादीतून गेलं.

शेठजींनी मला काय काय सुनावलं ते लिहीत नाही, मी त्याच लायकीचा होतो. ताईंची नोकरी राहिली. लॉगिन मी तिथेच नव्याने बनवून दिलं.

ते लॉक कसलं होतं, ठाऊक नाही. दोस्त म्हणतात, जुनं कनेक्शन अडकलं असेल. रिस्टार्टनंतरही? यावर ते विषय बदलतात.

परवा पुन्हा सौसरला गेलो होतो. सकाळची वेळ, पर्चीच्या खिडकीवर गाडीवाला घाई करत होता. वंदनाताई कंप्युटर सुरू करता करता त्याला म्हणाल्या, "थांबा जी थोडं. माहं नाव आहे का, पाहू द्या आधी."