हेमीच्या उशाशी दादा

मी बोलका माणूस. हॅमिल्टनमधल्या माझ्या औषधांच्या दुकानात खोकल्याची बाटली न्यायला आलेलं गिऱ्हाईक अर्धा तास नाटक बघून जातं, असं माझी बायको म्हणते. पण एका गोष्टीवर मी बावीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं. त्या गोष्टीमुळेच माझी सकाळची वंदनाही सुटली होती. बायको मेणबत्ती लावायची आणि मी चहा ढवळत बसायचो. तथागताची करुणा सगळ्यांसाठी असते म्हणतात; मला त्या सगळ्यांत स्वतःला मोजायची लाज वाटायची.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मराठवाड्यातल्या आमच्या गावात त्याने तरुणांची संघटना उभी केली होती. अमेरिकेतल्या काळ्या पुढाऱ्यांची भाषणं कुठून कुठून इंग्रजीत मिळायची. मी डिक्शनरी घेऊन त्यांचं मराठी करायचो आणि दादा ते चौकात वाचायचा. गोऱ्यांच्या जागी तो गावातल्या बड्यांची नावं घालायचा, आणि आमची माणसं श्वास रोखून ऐकायची. त्यातल्या काही पुढाऱ्यांना गोळ्या घालून मारलं होतं. दादा हसून म्हणायचा, "भाषांतर जपून कर बाबा, शेवटही तोच यायचा." तोच आला. सभेच्या दिवशी सकाळी धमकीची चिठ्ठी आली. मी पोट धरून अंथरुणात पडलो. दुपारी दादाला भर चौकात कुऱ्हाडीने तोडलं. पोलीस आमच्याच पोरांना उचलू लागले, तेव्हा परीक्षा बुडेल म्हणून मी मामाकडे पळालो. दादाला अग्नी दिला, तेव्हा मी नव्हतो.

हेमी माझं रोजचं गिऱ्हाईक. साखरेने एक पाय गेलेला, मूत्रपिंडं थकलेली, धिप्पाड माणूस, इथल्या मूळ लोकांपैकी, माओरी. तरुणपणी ऑकलंडमध्ये त्याने आणि त्याच्या दोस्तांनी तीच भाषणं वाचून मुलांसाठी अभ्यासाचे वर्ग चालवले होते, पोलिसांनी विनाकारण धरलेल्यांसाठी वकील शोधले होते. काउंटरवर टेकून तो त्या मारलेल्या पुढाऱ्यांबद्दल बोलायचा, आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचो. अभिनय उत्तम जमायचा. एकदा मात्र राहवलं नाही. म्हणालो, "ब्रो, सगळे मेले. उरलं काय?" तो म्हणाला, "माणूस मारला की त्याचं काम बेवारस पडतं. कुणीतरी उचलायचं असतं. तू काय उचललंस?" मी त्याला गोळ्या जेवणानंतर घ्यायला सांगितलं.

हेमी गेला. मराएवर, म्हणजे त्याच्या कुळाच्या जागेवर, सभागृहात त्याला तीन दिवस उघड्या पेटीत ठेवलं होतं. मी बूट बाहेर काढून आत गेलो. पेटीशेजारी डोक्याला हिरवी पानं गुंफलेल्या, काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. भोवती आधी गेलेल्यांचे फोटो. माणसं उभी राहून थेट हेमीशी बोलत होती, कुणी त्याच्याशी भांडतही होतं.

मला काय झालं कुणास ठाऊक. मेलेल्यासाठी पान वाढणं आम्ही बौद्ध झाल्यावर सोडलेलं. पण आई ते चोरून करायची, आणि माझे हात आईचेच. बायकोने लोकांसाठी दिलेल्या डब्यातला वरणभात आणि बेसनाचा लाडू मी कागदी बशीत वाढला आणि पेटीच्या पायाशी ठेवला. हेमीशी बोलणारा माणूस वाक्य अर्धं टाकून बशीकडे बघू लागला. मृताजवळ अन्न आणायचं नाही, हा त्यांचा फार कडक नियम. विटाळाच्या नावाने पिढ्यानपिढ्या छळलेल्या कुळातला मी, आणि इथे विटाळ करणारा मीच! एरवी हा विनोद मी रंगवून सांगितला असता. तेव्हा मी बशीसमोर तसाच वाकून राहिलो.

हेमीची थोरली बहीण हुइया काठी टेकत उठली. "हे काय, डियर?"

"जेवण, आंटी."

"ते दिसतंय, मी आंधळी नाही. हेमीसाठी?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "माझ्या भावासाठी. त्याला मारलं. मी गेलोच नाही."

ती रागावली नाही. "बाहेर नेऊन मातीत पूर. हात धुऊन ये." आल्यावर विचारलं, "फोटो आहे त्याचा?" होता, पाकिटात, लायसन्सच्या मागे. तिने तो शालीने पुसून हेमीच्या उशाशी मांडला. "इतकी वर्षं पाकिटात कोंडलास होय त्याला? आता बोल. माझ्याशी नको, त्याच्याशी."

मी उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत कळेना. म्हणालो, "दादा, माझं पोट दुखत नव्हतं." मग चिठ्ठीचं, मामाकडच्या दिवसांचं, आईने माझ्याशी बोलणं टाकल्याचं, सगळं सांगितलं. मराठीत. तिथे कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. संपलं, तरी मला बसायचं सुचेना. इतका एकटा मी कधी उभा राहिलो नव्हतो. दादा राहिला होता.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. हुइया, त्या म्हाताऱ्या, दाराजवळचे पुरुष, सगळे माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि गाऊ लागले. बोलणाऱ्याला त्यांच्यात एकटं सोडत नाहीत. बोलणं संपलं की त्याची माणसं गाऊन त्याला सावरतात. माझं तिथे कुणी नव्हतं, म्हणून ते झाले.

हा चमत्कार की नुसती रीत, मी वाद घालत नाही. करुणा लायकी तपासून येत असेल, असं मी उगाच धरून चाललो होतो. ती मागितली तर येते. मागायला मात्र खरं बोलावं लागतं, आणि मग स्वतःला तिच्यावर सोडून द्यावं लागतं. त्या सभागृहातल्या सर्वांना माझं वंदन. गाणं संपलं, तरी माझ्या मागून कुणी हललं नाही. मी बसलो, तेव्हाच ते बसले.