सासऱ्यांच्या रेशनकार्डावरचं नाव

माझ्या बायकोच्या पित्ताशयात एवढे खडे निघाले, की तेवढ्यात वारंगा फाट्यापासून कुरुंद्यापर्यंत सडक झाली असती. डॉक्टर म्हणाला, सात. डॉक्टर लोकांना मोजता कुठं येतं! मी तिचं कण्हणं ऐकलेलं होतं. ते सातावर भागणारं नव्हतं. लवकर ऑपरेशन करा, तो म्हणाला, खडा सरकला तर जिवावर बेतेल.

सरकारी योजनेत ते फुकट होणार होतं. दवाखान्यात योजनेचे कागद बघायला एक आरोग्यमित्र बसतो. त्यानं आमचे कागद बघितले, कॉम्प्युटर बघितला, मग हिच्याकडं बघितलं.

"भाऊ, रेशनकार्डावर बाईच्या नावापुढं बापाचं नाव हाय, आधारवर तुमचं. बाई एक का दोन?"

"तोंड सुटलं तर चार."

पोट धरून बसलेली बायकोसुद्धा हसली. मशीन काही हसलं नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी हिचं नाव हट्ट्याला, माहेरच्याच कार्डावर होतं. मीही भावापासून वेगळा निघालो, पण वेगळं कार्ड काढायचं राहून गेलं. आता नवं कार्ड हवं, तर सासऱ्यांनी हिचं नाव कमी केल्याचा दाखला हवा. आणि ज्या गावाचं नावच हट्टा, तिथला माणूस मऊ कसा निघणार?

धान्याच्या लोभानं नाव ठेवलंय, असं लोक म्हणायचे. लोकांना काय माहीत! लेकीच्या नावावर येणारे पाच किलो पिशवीत बांधून, एसटी बदलून, म्हातारा दर महिन्याला आमच्या दारात आणून ठेवायचा. "तुमचं न्हाई जावईबापू, लेकीच्या नावचं हाय," असं बजावल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचा नाही. माझ्या हिशोबानं त्या पाच किलोंपायी त्यांनी पृथ्वीला दोन चकरा मारल्या. आता ते नाहीत. पण रेशनच्या तांदळाचा तो कुबट वास आठवला, की समोरचा बासमती मला मिळमिळीत लागतो.

तर तेव्हा त्या दाखल्यासाठी मी हट्ट्याला गेलो. विषय काढताच म्हातारा ओसरीवरून उठला.

"काहून? मेली का ती? मेलेल्याचं नाव काटतेत, जित्त्याचं न्हाई."

"मामा, दवाखान्यात तो कागद लागून राहिला."

"आन उद्या तुमी हाकलून देलं तर? सरकारदरबारी तरी तिला एक घर असू द्या."

कुरुंद्याच्या बाजारात मी आंधळा बैल डोळस म्हणून विकलाय, आणि घेणारा दुसऱ्या वर्षी त्याची बहीण-गाय मागायला आला होता. पण हा सौदा माझ्या हातचा नव्हता. मी बायकोला फोन लावून म्हाताऱ्याच्या हातात दिला. पलीकडून एवढंच ऐकू आलं:

"बाबा, मला कागदावर जित्ती ठेवता, का खरीखुरी?"

फोन परत देऊन त्यांनी टोपी घातली, पत्र्याच्या पेटीतून कार्ड काढलं आणि माझ्या पुढं चालायला लागले.

वसमतला तहसीलात ते कारकुनाच्या टेबलावर असे वाकले, की जणू तोच ऑपरेशन करणार होता. "साहेब, रेघ हळू मारा," म्हणाले. रेघ पडली. दाखला मिळाला. म्हाताऱ्यानं उपरण्यानं चष्मा पुसला, मग चष्म्यामागचंही पुसलं.

कारकून माझ्या अर्जाकडं वळला. "कुटुंबप्रमुख?"

मी छाती फुगवून माझं नाव सांगितलं.

"तुमचं न्हाई. घरातल्या मोठ्या बाईचं लागतं. तिचं वर, तुमचं खाली."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "म्हंजी जावई माझ्या लेकीच्या कार्डावर?"

"व्हय."

म्हातारा असा हसला, की तहसीलाच्या लिंबावरचे कावळे उठून थेट परभणीला जाऊन बसले.

कार्ड यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस बायको पेजेवर राहिली आणि मी देवांवर. मशीननं तिला एकदाची एकच बाई म्हणून कबूल केलं आणि ऑपरेशन सुखरूप झालं.

तिसऱ्या दिवशी सासरे वॉर्डात आले. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिचा आवाज ऐकला, आणि मग शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला, तिनं न विचारताच, माझ्याकडं बोट करून सांगितलं:

"हे आमचे जावई. लेकीच्या कार्डावर हायेत. लई मोठ्या मनाची हाय ती, अजून काटलं न्हाई नाव."