सावली दिसली होती

एक्स-रेची ओली फिल्म खिडकीकडे धरायची आणि शेजारी असेल त्याला विचारायचं, "तुम्हाला काय दिसतंय?" ही आमच्या डॉक्टरांची सवय. फिल्मचं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, त्यांचं लक्ष नसायचं. नर्स असो, झाडूवाला असो, उत्तर ऐकल्याशिवाय ते स्वतः बोलत नसत. असा वरिष्ठ तुम्ही क्वचितच पाहिला असेल. सोलापूरच्या त्या इस्पितळात मी एक्स-रे काढायचो, त्यामुळे प्रश्न बहुधा माझ्याच वाट्याला यायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कमरेच्या हाडांचं कडं दोन ठिकाणी मोडलेला माणूस तेव्हा कापडी झोळीत तीन महिने टांगला जायचा आणि पुष्कळदा एक पाय आखूड होऊन घरी जायचा. डॉक्टरांना ते बघवेना. मागच्या बाजूनं स्क्रू घालून हाड बसवायचं त्यांनी ठरवलं. पहिला रोगी चालत घरी गेला, त्या दिवशी त्यांनी सगळ्या वॉर्डाला भजी चारली.

दुसरी माढ्याची बाई. ट्रॅक्टरची ट्रॉली तिच्या अंगावर उलटली होती. ऑपरेशन चालू असतानाच मी फोटो काढला, अंधाऱ्या खोलीत धुऊन पळत आणला. पोटातल्या वायूमुळे स्क्रूच्या टोकापाशी सावली आली होती, टोक हाडात आहे की बाहेर ते कळत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं. दुसरा फोटो काढायला हवा होता. पण भूल देणारे घाई करत होते आणि मलाही थांबवत नव्हतं.

"हाडातच आहे, सर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाईला पाऊल उचलता येईना. स्क्रूचं टोक पायाकडे जाणाऱ्या नसेवर गेलं होतं. त्यांनी तो लगेच काढला, तरी पाऊल लुळंच राहिलं. मग ते तिच्या खाटेवर बसले. "स्क्रू चुकीच्या जागी गेला, बाई. चूक माझी आहे." मी फिल्मचं पाकीट धरून तिथंच उभा होतो. बाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढं ती शुक्रवार पेठेत भावाकडे राहिली. डॉक्टर दर रविवारी जाऊन तिच्या पावलाला व्यायाम देत. स्क्रू मात्र त्यांनी पुन्हा हातात धरला नाही. झोळीतली माणसं लंगडत घरी जात राहिली, आणि डॉक्टर मान खाली घालून त्यांच्या खाटांजवळून पुढं जात.

मग त्यांची बदली झाली. वर्षभरात ते हृदयविकारानं गेल्याचं कळलं. मी बाईला सांगायला गेलो आणि त्या सावलीचंही सांगून टाकलं.

ती सुपात ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "ह्ये तुमी डॉक्टरास्नी का न्हाय सांगितलं?"

तिनं दोन्ही हातांनी पाय उचलून सरळ केला आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.