नकाशावरचा ठिपका

मी मासे खात नाही. शनिवार पेठेत वाढले, आख्खा मासा पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजातल्या बरणीत, आणि तरीही नोकरीची सगळी वर्षं माशांच्याच मागे गेली. पुण्यातल्या आमच्या संस्थेचं काम असं : कोकणातल्या एका बंदरातून मासेमारीची बोट भाड्याने घ्यायची, गळाने तांबोशी पकडायची, तिच्या पाठीत नंबर असलेला प्लास्टिकचा बारीक टॅग अडकवायचा आणि तिला जिवंत सोडून द्यायचं. पुढे तोच मासा कुणाला मिळाला, की तो किती फिरला आणि किती वाढला ते कळतं.

ज्यांची बोट घ्यायचो ते तांडेल, म्हणजे बोटीचे मालक आणि चालकही, माझ्याच वयाचे, पन्नाशीतले. त्यांच्या खलाशांना आमचा उद्योग अजब वाटायचा. "खायची नाय, विकायची नाय, पकडून परत सोडायची! ताई, पुण्यात कामं संपली काय?" एकाने विचारलं होतं. तांडेल मात्र माशाच्या डोळ्यांवर ओलं गोणपाट धरून बसायचे आणि मी टॅग लावेपर्यंत हलायचे नाहीत.

पहिल्या वर्षी तांबोशी मिळेचना. तिसऱ्या दिवशी माझा रडवेला चेहरा पाहून त्यांनी सगळ्यांचे मोबाइल एका बादलीत जमा करायला लावले. माझं जीपीएस तेवढं राहू दिलं. डोंगरातली खाच आणि देवळाचा कळस एका रेषेत आले तिथे इंजिन बंद केलं. पाण्याखाली खडक होता. तासाभरात चौदा तांबोश्या!

"ह्यो खडक मला बापानं दाखवला," ते म्हणाले. "जाळ्याला काय लागलं नाय की ह्याच्यावर घर चालतं. तुमच्या कागदात लिवा, पण तो कागद बाहेर जाऊ देऊ नका."

"नाही जाणार. शब्द देते."

"मग माझा पण शब्द. टॅगवाली गावली की तुम्हाला कळवणार."

पुढच्या वर्षी टॅग परत मिळावेत म्हणून पोस्टर काढायचं ठरलं. टॅग कळवा, टी-शर्ट मिळवा. ते सगळ्या बंदरांवर लागणार होतं, म्हणून नकाशात मी मुद्दाम एक मोठं, ढोबळ वर्तुळ काढलं. मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मासे कुठे सोडले? तर समुद्रात! वा. एवढं तर आम्हालाही लकडी पुलावर उभं राहून सांगता आलं असतं." सगळे हसले.

पुण्याच्या माणसाला चुकीचं म्हटलेलं एक वेळ चालतं, ढोबळ म्हटलेलं चालत नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच दुपारी खराडीतल्या डिझायनरला मी स्वतः फोन लावला आणि अक्षांश-रेखांश वाचून दाखवले, अगदी सेकंदांपर्यंत. वर्तुळाच्या जागी ठिपका आला, त्याखाली ते आकडे. वाचताना दिलेला शब्द आठवला नाही असं म्हणायची सोय नाही. आठवला होता. कोण एवढे आकडे बघतंय, असं मी मनाशी म्हटलं. तेही अशा लोकांबद्दल, ज्यांच्या बोटीबोटीवर जीपीएस आहे.

त्या हंगामात पुन्हा तीच बोट घेतली. पोस्टरबद्दल मी काही बोलले नाही, त्यांनीही विषय काढला नाही. खडकाजवळ पोचलो, तर तिथे अकरा बोटी उभ्या होत्या. तांडेलांनी इंजिन बंद केलं, गोणपाटाची घडी करून बाजूला ठेवली. "कुठं टाकू गळ, ताई? आता तुम्हीच सांगा."

"तांडेल, माझी चूक झाली हो."

"चूक कशी? बरोबर छापलंय. मी बघितलं मोजून. वावभर पण इकडं-तिकडं नाय."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चूक म्हणजे नकळत होते ती. मी चारचौघांत हसं झालं म्हणून एका माणसाच्या घराचा आधार विकून टाकला होता, आणि वर त्याला चूक म्हणत होते. त्या दिवशी त्यांच्या बायकोने नेहमीसारखा माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वरणभात केला होता.

नंतर दोनदा फोन केला. बोट दुरुस्तीला आहे, म्हणाले. तिसऱ्यांदा फोन करायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या बोटीवरच्या खलाशाकडून कळलं, की त्या खडकावर आता कुणालाच काही मिळत नाही, आणि तांडेल आपली बोट विकून दुसऱ्याच्या बोटीवर कामाला जातात.

गेल्या महिन्यात टपालाने एक पाकीट आलं. आत आमचा टॅग होता आणि त्यासोबतचा फॉर्म, तांडेलांच्या अक्षरातला. नंबर, तारीख, माशाची लांबी, सगळं नेटकं भरलेलं. टी-शर्टच्या मापाची जागा कोरी. ठिकाणाच्या रकान्यात एकच शब्द : समुद्रात.

आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, हा फॉर्म इनकम्प्लीट आहे. कॉल करून लोकेशन विचारू का?"

"नको," मी म्हणाले. "त्यांनी कबूल केलं होतं तेवढं दिलंय. तसाच लाव फाइलला."