कडब्याच्या गंजीला टेकलेला दारूगोळा

आमचं रान जिंतूर रोडला हाय. एका उन्हाळ्यात मिलिटरीचा दारूगोळ्याचा ट्रक तापला, तो त्यांनी माझ्या कडब्याच्या गंजीच्या सावलीत आणून लावला. वर तिथंच चहाला स्टो पेटवला.

मी म्हणलं, "हवालदार, गंज पेटली तर तुमच्या गोळ्यांसंगं माझं घर बी उडंल."

"मामा, गोळे उन्हात ठेवता येत न्हाईत. आन् दिवस मावळायच्या आत पोचायचा हुकूम हाय."

"मग स्टो न्या उन्हात."

"फौजेला शिकवू नका," म्हणून तो हसला.

मी विहिरीचा दोर-पोहरा काढून खांद्यावर टाकला. पाण्याबिगर त्यांचं इंजन थंड होणार नव्हतं. शिव्या देत त्यांनी स्टो रस्त्यापल्याड नेला, तवा मी दोर दिला.

जाताना हवालदारानं रामराम घातला. मी घेतला न्हाई.