मागच्या सीटवरची लेम्पी

आता शहरातून टॅक्सी मागवली की चारही चाकांना जोर असलेली व्हॅन येते आणि आमची चढण न कुरकुरता चढून जाते. तिला कुणाची गरज लागत नाही. मला ती व्हॅन मुळीच आवडत नाही.

कुइवावारा गावात आधी टॅक्सी एकच होती, आइमो कार्पिनेनची. लांबलचक, गडद निळी मर्सिडीज, डिझेलवर चालणारी. पाव म्हटला की तो राय धान्याचा, तशी टॅक्सी म्हटली की मर्सिडीज, असा तो काळ होता. तिचा जोर मागच्या चाकांत आणि वजन पुढे, इंजिनात. उन्हाळ्यात ती झोकात धावायची. नोव्हेंबरात बर्फ पडला की तीच गाडी माझ्या दुकानासमोरच्या चढणीवर नाचायला लागायची, मागचा भाग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. आइमो स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून शांत बसलेला. दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं, पाय हलका ठेवायचा, आणि दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्याशी जे वळण आहे तिथे काही झालं तरी थांबायचं नाही. थांबलात की घसरत परत माझ्या दारात.

यावर उपाय म्हणून ड्रायव्हर लोक डिकीत वाळूची पोती ठेवतात. आइमोही ठेवायचा, पण त्याचा हात सढळ. जानेवारी उजाडेपर्यंत त्याची सगळी वाळू गावातल्या म्हाताऱ्यांच्या निसरड्या पायऱ्यांवर जायची. मग त्याला माणसं लागायची. माझ्या दुकानासमोर तो इंजिन चालू ठेवून थांबायचा, बसल्या जागेवरून हात मागे घालून मागचं दार उघडायचा आणि म्हणायचा, “वजन हवंय.” दुकानाबाहेरच्या बाकावर जो कोणी बसलेला असेल त्याने मुकाट्याने आत बसायचं, वर जायचं आणि चालत खाली यायचं. कुणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

अख्ख्या गावाचं वजन आइमोला पाठ होतं. मला मात्र त्याने कधी बोलावलं नाही. एकदा मी तोंड वर करून विचारलं, तर म्हणाला, “हेल्वी, तुझ्याऐवजी मी बटाट्याची पिशवी नेईन.” आठवडाभर मी त्याला शिळी कॉफी पाजली.

त्याचं खरं वजन म्हणजे लेम्पी मोइलानेन. चढणीच्या अगदी माथ्यावर तिचं घर. नवरा लाकूडतोडीच्या अपघातात गेलेला, मूलबाळ नाही. शहाण्णव किलो, आणि हा आकडा ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. सकाळी दहाला पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून ती सुसाट खाली यायची. आम्ही दाराबाहेर जीव मुठीत धरून बघत असू. परत जाताना ती, तिची घसरगाडी आणि सामान आइमोच्या गाडीतून. मागच्या सीटला तिच्या वेलदोड्याच्या पावाचा वास कायमचा बसला होता. “आज दोन पाव जास्त खाल्लेत,” असं म्हणत ती आत बसायची, आणि एरवी दगडासारखा असणारा आइमो तेवढ्यापुरता हसायचा. त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. आम्ही बायकांनी दुकानात बसून त्या दोघांचं लग्न कितीदा तरी लावलं. त्यांनी तीस हिवाळ्यांत तो विषय काढला नाही.

मग एका शरद ऋतूत लेम्पी आजारी पडली. पोटाचं ऑपरेशन झालं आणि ती कायानी शहरातल्या इस्पितळात फेब्रुवारीपर्यंत राहिली. सुटायच्या आदल्या दिवशी तिने मला फोन केला. वर घरी जाणार नाही म्हणाली. खाली सपाटीवर वृद्धाश्रम आहे, तिथेच खोली मागितलीय. मी खूप समजावलं. डॉक्टर तर घरी जा म्हणतायत, असंही म्हटलं. त्यावर ती म्हणाली, “एक्कावन्न किलोची राहिलेय मी, हेल्वी. वर बसून आता कुणाच्या उपयोगाची?”

फोन ठेवला आणि मी काउंटरमागे बसून रडले. ती एकदा तिथे गेली की परत वर येणार नाही, हे मला कळत होतं. आइमो कॉफी घ्यायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, “किती राहिलीय म्हणालीस?” मी आकडा सांगितला. कॉफी तशीच ठेवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन होतं आणि थंडी उणे चोवीस. निळी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. इथून डावीकडे वृद्धाश्रम, समोर चढण. लेम्पी पुढच्या सीटवर, पेशंट बसतात तशी, गळ्यापर्यंत ब्लँकेट. तिचे गाल पार आत गेले होते. तिच्यासाठी पाव आणि दूध पिशवीत भरून मी बाहेर आले.

इंजिन चालू होतं. आइमोने हात मागे घातला आणि मागचं दार उघडलं.

“लेम्पी, मागे बस. वजन हवंय.”

ती त्याच्याकडे वळली. “वेडा आहेस का? माझ्यात आता काय राहिलंय?”

“ते मला ठाऊक नाही. चढण निसरडी आहे आणि बाकावर कुणी नाही.”

“ही हेल्वी आहे की.”

“हेल्वीचं काय वजन!”

मी त्या वर्षी अठ्ठावन्न किलोची होते, तिच्यापेक्षा चांगली सात किलो जास्त. पण मी मान डोलावली.

लेम्पीने डावीकडच्या रस्त्याकडे एकदा बघितलं. मग ब्लँकेट बाजूला केलं, दाराला धरून उतरली आणि मागे जाऊन बसली. मी पिशवी घेऊन पुढे बसले. पुढच्या वजनाचा उपयोग शून्य, पण मला कोणी उतर म्हणालं नाही.

दुसरा गिअर. चाकं थोडी फिरली आणि मग त्यांनी बर्फ पकडला. ओट्याजवळच्या वळणावर मी डोळे मिटले. गाडीचा मागचा भाग तसूभरही घसरला नाही. वर पोचलो तर लेम्पीच्या धुराड्यातून धूर येत होता. आइमोने पहाटेच येऊन चूल पेटवून ठेवली होती.

लेम्पी उतरेना.

“आइमो, डिकीत किती पोती आहेत?”

“कसली पोती?”

“तीस हिवाळे या चाकांवर बसलेय मी. गाडी मागे किती दबलीय ते मला कळत नाही होय?”

आइमोने टोपी काढून मांडीवर ठेवली. “तीन. पंधरा-पंधरा किलोची.”

आरशात मला तिचे ओठ हलताना दिसले. ती बेरीज करत होती.

“शहाण्णव,” ती म्हणाली.

“हं. गाडीला तेवढ्याची सवय आहे.”

ती रडली, आणि मीही. आइमो समोरच्या काचेतून बर्फाकडे बघत बसला. थोड्या वेळाने लेम्पीने डोळे पुसले आणि आम्हांला दटावलं, की कॉफी काय गाडीतच प्यायचीय का.

वृद्धाश्रमाला मीच फोन करून खोली नको म्हणून कळवलं. लेम्पी माथ्यावरच्या घरी आणखी सहा हिवाळे जगली.

ती घरी आली त्याच वर्षी, मार्चच्या शेवटी, एका सकाळी आइमो डिकीतल्या तीन पोत्यांतलं एक घेऊन आला आणि त्यातली वाळू माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर पसरू लागला. हे काय, म्हणून मी विचारलं.

“आता दोन पुरतात,” तो म्हणाला.