मोहाचे शेंडे आणि सुखदेवकाकांचा टोला

सुखदेवकाका आज सकाळी गेले. इतकी वर्षं एक खोटं मी अंगावर मिरवलं, ते आज उतरवते.

काका पवनीजवळ वैनगंगेची पातळी मोजायचे. पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, फोन करायचा.

त्याच आकड्यांवर माझं पुराचं मॉडेल. कॉम्प्युटरवर हजार वेळा पूर आणायचा आणि कुठलं घर कितीदा बुडतं ते नकाशावर रंगवायचं.

काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात एका दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, आमच्या टोल्यावरच्या लोकायले काढा. पानी लय जोरात चढून राहिलं."

नकाशात टोला, म्हणजे काकांची छोटी वस्ती, हिरवागार होता. सेफ.

"काका, हजारात एकदाही टोला बुडत नाही. उंचावर आहे तो."

"उंच? मी तिथंच राहतो न मॅडम! खोलगट हाये."

"सॅटेलाइटवरून घेतलीय उंची."



"तुमच्या सॅटेलाइटनं मोहाची झाडं मोजली असन. लोकं का झाडावर राहतेत?"



खरं होतं. झाडांचे शेंडे मी जमीन म्हणून धरले होते. या कामातली ही चूक सगळ्यांना माहीत असते. मलाही होती. एवढ्याशा टोल्यासाठी कोण तपासत बसतं, म्हणून सोडून दिलं होतं.

आणि सकाळी तोच नकाशा मी वर, कलेक्टर ऑफिसला, पाठवला होता. बोट, ट्रॅक्टर, सगळं दुसऱ्या गावांना गेलं होतं.

बोट परत वळवायला मी फोन लावत सुटले. एकही लागेना.

काका थांबलेच नाहीत. टोल्यावर दारोदार फिरले. आधी कोणी हललं नाही. "तुले तं दरसाली पूर दिसते," म्हणून हसले.

मग काका ओरडले, "मी नाही सांगून राहिलो! मॅडमच्या कॉम्प्युटरनं सांगतलं! निंगा!"

निघाले सगळे. म्हाताऱ्या, लेकरं, बकऱ्या.

संध्याकाळी घरांत वळचणीपर्यंत पाणी होतं. आत कोणी नव्हतं.

पुढे सत्कार झाला. माझा. काका मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

मी त्यांना बाहेर गाठलं. "काका, मी खरं सांगते सगळ्यांना."

"कायले? पुढच्या टायमाले कोनी ऐकन का मंग?"

मी गप्प बसले. त्यांच्या शब्दाखातर, असं स्वतःला सांगत. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

टोल्यावरच्या माणसांनो, कॉम्प्युटरनं तुम्हाला तिथंच बसून राहायला सांगितलं होतं.

तुम्हाला उठवलं ते सुखदेवकाकांनी.

माफ करा काका. जय भीम.